अठ्ठावीस हजार आठशे भागिले दहा

मास्तर, तुम्हाला हे सांगायला मला पंचवीस वर्षांहून जास्त लागली, आणि आजही मुद्द्यावर यायच्या आधी मी ऑफिसचंच रडगाणं लावणार आहे. चालवून घ्या. तुम्ही नेहमीच घ्यायचात. मी सध्या शिवडीला गोदामांच्या एका कंपनीत आहे. तिथले जुने वजनकाटे अजूनही टेलिफोनच्या तारेवरून, मॉडेम लावून, ट्रकची वजनं मुख्य ऑफिसला पाठवतात. आता ते सगळं काढून नवीन बसवायचं आहे. नव्या कंपनीच्या पोरांना जुन्या मॉडेमचे वेग कळत नाहीत. साहेब म्हणाले, मॅडम, तुम्ही एक तक्ता करून द्या, जुना वेग आणि त्याचे आजच्या हिशोबातले आकडे. ऑफिसात मॉडेमची ती किंकाळी ऐकलेली मी एकटीच उरले आहे, म्हणून काम माझ्याकडे आलं. आज दुपारी तेच करत होते. पहिल्या रकान्यात तीनशे, बाराशे, चोवीसशे, नऊ हजार सहाशे. दुसऱ्या रकान्यात सेकंदाला अक्षरं किती. तिसऱ्यात आजचा एमबीपीएस, जिथे सगळ्यांच्याच नशिबी शून्य आणि पुढे टिंब येतं. भराभर लिहीत गेले. अठ्ठावीस हजार आठशेच्या ओळीवर आले आणि हात थांबला. चहा आला, गार झाला, तरी ती ओळ कोरीच होती. शेवटी तक्ता बाजूला सारला आणि हा कागद घेतला.

तुमच्याकडे आले तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. गिरगावात चाळीच्या तळमजल्यावर तुमचा छापखाना, आणि बरोबर वरच्या मजल्यावर तुमचं नि काकूंचं बिऱ्हाड. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यात तुमची तीस वर्षं गेली होती. शिशाचा जमाना संपल्यावर, पन्नाशीला आलेला माणूस काय करील, तर तुम्ही कर्जाबिर्जाच्या भानगडीत न पडता घरातलं काहीबाही विकून एक कॉम्प्युटर आणि स्कॅनर आणलात आणि तो चालवायला माणूस शोधू लागलात. मी दादरच्या एका क्लासचं सहा महिन्यांचं सर्टिफिकेट घेऊन उभी राहिले. तुम्ही ते पाहिलंसुद्धा नाही. राहतेस कुठे, विचारलंत. परळला, म्हटलं, आणि चाळीचं नाव सांगितलं. आमच्या त्या चाळीचं नाव ऐकून आडनावाचा अंदाज बांधणारी माणसं मी पुष्कळ पाहिली होती, तेव्हा मी तयारीतच होते. तुम्ही म्हणालात, तुमच्या विहाराच्या वर्षावासाच्या पत्रिका मीच छापतो, गेल्या वर्षी एक मात्रा राहिली होती, कुणी बोललं का? मी म्हटलं, आमचे वडील बोलले होते. तुम्ही मान डोलावलीत आणि उद्यापासून ये म्हणालात.

पहिल्याच महिन्यात तुम्ही मला जे झापलंत ते मी जन्मात विसरणार नाही. एका जाहिरातीच्या कागदावर मी रुंदी लिहिली होती, वीस. नुसतीच वीस. तुम्ही सगळी रुंदी पायकात मोजायचात, सहा पायकांचा एक इंच. कॉम्प्युटरवर मी सेंटिमीटर लावून ठेवले होते. जाहिरात दुपटीहून जास्त रुंद झाली आणि फिल्म निघाल्यावर ते लक्षात आलं. तुम्ही तो कागद माझ्यासमोर धरलात. आवाज चढवला नाहीत, पण मशिनवरची माणसं हातातलं काम सोडून बघत होती.

"वीस काय गो? वीस पायका, की वीस बोंबील?"

सगळे हसले. मी रडकुंडीला आले. मग तुम्ही मला बाजूला घेऊन सांगितलंत की आकड्याच्या मागे तो कशाचा आहे ते लिहिलं नाही तर तो आकडा नाही, नुसतं चित्र आहे. संध्याकाळी निघताना तुमची स्वतःची पायकापट्टी माझ्या हातात ठेवलीत. पितळेची, एका कडेला झिजलेली. वर फक्त एवढंच म्हणालात की हरवू नको. ती अजून माझ्याकडे आहे. आत्ता या कागदावर वजन म्हणून तीच ठेवली आहे, पंख्याचा वारा फार आहे. आणखी एक गोष्ट त्याच दिवसांतली. माळ्यावरची जुनी खिळ्यांची पेटी तुम्ही मला दाखवत होतात. त्यात अक्षर नसलेले, नुसते चौकोनी ठोकळे पाहून मी विचारलं की हे कसले. दोन शब्दांच्या मधे जी जागा दिसते ना, तुम्ही म्हणालात, ती आपोआप नाही पडत, ती हे भरून करावी लागते. रिकाम्या जागेलाही शिसं लागतं. मी ऐकलं आणि सोडून दिलं. अशा वेळी माणसाला काय कळतं, आपल्याला काय सांगितलं जातंय ते.

दुपारी काकू वरून हाक मारायच्या. जेवायला मी डबा आणायचे, तरी वर जायचंच, हा त्यांचा नियम. त्या स्वयंपाकघरात ओट्याला लागून एक ठेंगणा पाट होता, तो माझा झाला होता. "चेडवा, तो डबो झाक, आधी ह्या खा," म्हणत माझ्या ताटात तिसऱ्यांचं सुकं वाढणाऱ्या काकू मला आत्ताही दिसतात. पदर खोचलेला, कपाळाला घाम, आणि मी मान खाली घालून जेवते आहे. मॉडेम आणला त्या दिवशी त्याचा आवाज वरपर्यंत गेला. कुणाचो जीव घेतास रे, असं त्यांनी जिन्यातून विचारलं होतं. आपण दोघं पोट धरधरून हसलो. ते वाक्य नंतर मला फार वेळा आठवलं, मास्तर. मला वाटतं तुम्हालाही आठवलं असणार, पण आपण त्यावर कधी बोललो नाही.

तो मॉडेम आणला तेव्हा त्याच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं, २८,८००. तुम्ही चष्मा वर करून वाचलंत आणि अर्थातच विचारलंत, अठ्ठावीस हजार आठशे काय? बोंबील? आणि मी, सर्टिफिकेटवाली, बेधडक सांगितलं, अक्षरं, मास्तर, सेकंदाला. मला बिटं माहीत होती. आठ बिटांचं एक अक्षर होतं हे क्लासमध्ये पाठ केलं होतं, परीक्षेत लिहून त्याचे मार्कही मिळवले होते. पण ते तिथेच, वहीत राहिलं. खोक्यावरचा आकडा बिटांचा आहे हे माझ्या डोक्यात आलंच नाही. तुम्ही बोट तोंडात घातलंत. सेकंदाला एवढी अक्षरं? मी महिनाभर बसलो असतो गो, म्हणालात. तुमच्या डोळ्यांतलं ते कौतुक मला इतकं आवडलं की पुस्तिका उघडून पाहायची गरजच वाटली नाही. पुढे वर्षभर आपण त्याच्यावरून चार-दोन ओळींच्या चिठ्ठ्या, एखाददुसरं पान एवढंच पाठवलं. ते क्षणात जायचं, त्यामुळे चूक उघडी पडायला जागाच नव्हती.

मग काकूंचं दुखणं निघालं. परळच्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या. इथल्या डॉक्टरांचं म्हणणं पडलं की गाठ काढता येईल असं त्यांना वाटत नाही, पण दक्षिणेत एक मोठे सर्जन आहेत, अशा केसेस ते हातात घेतात, त्यांना तपासणीचे फोटो दाखवा. तुमच्या मुलीनं तिकडे फोन करून करून त्यांच्या असिस्टंटला गाठलं. उत्तर आलं ते असं: सर्जन गुरुवारी संध्याकाळी पाचला तीन आठवड्यांसाठी परदेशी निघतायत. त्याआधी त्यांनी फोटो पाहिले आणि हो म्हणाले, तर त्यांच्या हाताखालचे लोक लगेच पेशंटला दाखल करून घेतील, खाट ठेवलेली आहे. नाहीतर ते परत आल्यावर बघू. तीन आठवडे काकूंच्या हातात नव्हते, हे इथल्या डॉक्टरांनी तुम्हाला स्पष्ट सांगितलं होतं. मंगळवारी दुपारी फोटोंचं पाकीट तयार होतं. तुमच्या शेजारच्या खोलीतले गृहस्थ त्याच संध्याकाळी दादरहून त्या गावाला निघणार होते. बुधवारी रात्री पोचून गुरुवारी सकाळी ते स्वतः हॉस्पिटलात नेऊन देतो म्हणाले होते. तुम्ही पाकिटावर नाव घालून ते त्यांच्याकडे द्यायला निघालात, आणि मी तुम्हाला अडवलं.

मास्तर, मीच अडवलं. हे आधी लिहून टाकते. मी म्हटलं, कशाला परक्या माणसाच्या भरवशावर? पाकीट गहाळ झालं तर? मी स्कॅन करते, चांगलं बारीक स्कॅन करते, त्यांना गाठीची कडन् कड दिसेल. तिकडचं मशीन गुरुवारी सव्वाचारलाच रिकामं मिळतंय, त्यांचा असिस्टंट लावून ठेवतो म्हणालाय, दहा मिनिटांत आपण मोकळे. तुम्ही विचारलंत, दहा मिनिटं नक्की? फाइल सतरा एमबीची होणार होती, म्हणजे एक कोटी सत्तर लाख अक्षरं. तुम्ही पेन्सिल काढलीत, एका प्रूफाच्या पाठीवर एक कोटी सत्तर लाख मांडलेत, त्याला अठ्ठावीस हजार आठशेनं भागलंत, आणि उत्तर माझ्यासमोर धरलंत. पाचशे नव्वद सेकंद. तुमचा भागाकार चोख होता. खालचा आकडा कशाचा आहे ते मी सांगितलेलं होतं. तुम्ही पाकीट परत आणून कपाटात ठेवलंत आणि शेजाऱ्यांना सांगितलंत की आमची मुलगी कॉम्प्युटरवरून पाठवतेय. आमची मुलगी, असं म्हणालात.

गुरुवार. सव्वाचार वाजलेत. मी आतल्या खोलीत मशीनसमोर आहे, तुम्ही बाहेर टेबलाशी, जिथे त्याच लाइनीचा दुसरा फोन असायचा. किंकाळी झाली, जोडणी झाली, फाइल निघाली. पडद्यावर किती गेलं त्याचा आकडा पळतोय. मी आरामात बसले आहे. चार पंचवीसला मी पाहते, तर सतरा लाख. एक कोटी सत्तर लाखांपैकी सतरा लाख. दहावा हिस्सा. आणि त्याच क्षणी, मास्तर, क्लासमधली ती वही डोक्यात उघडली. आठ बिटांचं एक अक्षर, आणि तारेवरून जाताना प्रत्येक अक्षराच्या आधी एक बिट हे सुरू झालं म्हणायला आणि शेवटी एक हे संपलं म्हणायला. आठ नि दोन दहा. तुमचे ते कोरे ठोकळे. दहा मिनिटं नव्हेत, शंभर. पाचच्या आत अर्धंसुद्धा जाणार नव्हतं.

तेव्हा पस्तीस मिनिटं शिल्लक होती. हे तुम्हाला कधीच कळलं नाही, म्हणून सांगते. मी तेव्हाच उठून बाहेर आले असते आणि म्हटलं असतं, मास्तर, माझं चुकलं, थांबवू या, तर चित्रं लहान करायला पाच-सात मिनिटं लागली असती. दहाव्या हिश्शाची फाइल खरोखरच दहा मिनिटांत गेली असती. पावणेपाचच्या आत सगळं त्यांच्यासमोर असतं, कडा जरा पुसट असत्या एवढंच. मी उठले नाही. लाज वाटली. दुसरं काही कारण नाही. मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही. बाहेर तुमची मुलगी येऊन बसली होती, मशिनवरची माणसं होती, सगळ्यांना तुम्ही दहा मिनिटं सांगून ठेवली होती. मी त्या आकड्याकडे बघत बसले, जणू तो बघितल्यानं जोरात पळेल. अर्धा तास गेला तरी डॉक्टर थोडे थांबतील, विमानाला उशीर होईल, असलं काहीतरी मनात चाललं होतं.

चार चाळीसला तुम्ही बाहेरचा फोन उचललात. तुमच्या हिशोबानं काम होऊन पंधरा मिनिटं झाली होती. काकू त्या वेळी मुलीच्या घरी दादरला होत्या, त्यांना कळवावं म्हणून उचललात. लाइनीवर कुणी फोन उचलला की मॉडेमची जोडणी तुटते हे तुम्हाला ठाऊक होतं, म्हणून एरवी तुम्ही त्या फोनला हात लावायचा नाहीत. तेव्हाही लावला नसतात, पण दहा मिनिटं म्हणजे दहा मिनिटं, आणि सांगणारी मी. तुमच्या कानात ती किंकाळी शिरली. तुम्ही रिसीव्हर टाकलात आणि धावत आत आलात. पडदा थांबलेला. एक चतुर्थांश गेलं होतं. मी पुन्हा नंबर फिरवायला लागले, तिकडे एंगेज, पुन्हा एंगेज. लागला तेव्हा पाच वाजून गेले होते आणि असिस्टंट म्हणाला, साहेब निघाले. तुम्ही माझ्या खुर्चीची पाठ धरून उभे होतात.

"किती राहिलं होतं?" तुम्ही विचारलंत.

मी म्हटलं, थोडंसंच. तुम्हाला थोडंसं कधी चाललंय? तुम्ही पुन्हा विचारलंत, थोडंसं म्हणजे किती. मी म्हटलं, दोन मिनिटं. तुम्ही शिकवल्याप्रमाणे मागे एकक लावून खोटं बोलले. तुम्ही आपल्या उजव्या हाताकडे पाहिलंत, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. मग पायरीवर जाऊन बसलात.

सर्जन परत आले तेव्हा फोटो पाहून म्हणाले की आता उपयोग नाही. महिन्याभरात काकू गेल्या. आधी पोचलं असतं तर त्या वाचल्या असत्या का, हे मला माहीत नाही, आणि ते माहीत नाही याचा आधार मी कितीतरी वर्षं घेतला. पण तेराव्याला आलेल्या प्रत्येकाला तुम्ही सांगत होतात, माझ्याच हातानं तुटलं, दोन मिनिटं धीर धरला असता तर. मी त्याच खोलीत होते. चहाचे कप गोळा करत होते. तुमची मुलगी कोपऱ्यात बसून तुमच्याकडे बघत होती, आणि ती नजर मी पाहिली. बाहेरचा फोन तुम्ही भिंतीतून उपटून काढलात. नंतर नंतर तर कुठेही फोन वाजला की तुम्ही हात मांडीखाली घ्यायचात. रिंग थांबेपर्यंत तसेच बसायचात. छापखाना बंद झाला, तुम्ही मुलीकडे राहायला गेलात, तिथे मी भेटायला यायचे तेव्हाही तेच. नातवंडांचा मोबाइल वाजायचा आणि तुमचे हात खाली जायचे. कुणी विचारत नसे. मुलगी तुमच्याशी बोलायची, वाढायची, औषधं द्यायची, पण बाबा म्हणून हाक मारलेली मी एकदाही ऐकली नाही. शेवटच्या भेटीत तुम्ही मला म्हणालात, तू होतीस म्हणून निदान प्रयत्न तरी झाला. मी तुमचे पाय चेपत होते. तेव्हा बोलायला हवं होतं. तुमच्याकडे दहा-बारा दिवस होते, आणि ते तुम्ही हलक्या हातांनी काढले असते.

तुम्ही जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मी त्या विषयाला कुलूप घालून सुखात होते असं नाही, पण जगत होते. गेल्या रविवारी दादरला भाजीबाजारात तुमची मुलगी भेटली. केस पांढरे झालेत, चालणं हुबेहूब काकूंचं. तिनं मला ओढून घरी नेलं. बाहेरच्या खोलीत काकूंचा फोटो आहे, ताजा हार घातलेला. तुमचा शोधत मी भिंती पाहत होते ते तिच्या लक्षात आलं. बाबांचा कपाटात आहे, म्हणाली. लावायचा म्हणून दोनदा काढला, खिळाही ठोकला, पण आईच्या शेजारी लावायला हात धजत नाही. खिळा मी पाहिला. काकूंच्या डावीकडे, रिकामा. मग ती माझ्यासमोर पाणी ठेवून बसली आणि म्हणाली, "तू आत होतीस त्या दिवशी. खरंच दोनच मिनिटं राहिली होती का गं?"

आज तक्त्यातली ती ओळ शेवटी भरली. अठ्ठावीस हजार आठशे बिट, दोन हजार आठशे ऐंशी अक्षरं, शून्य टिंब शून्य दोन आठ आठ एमबीपीएस. तळटीप टाकली की दहाने भागावे. सुधारित मॉडेममध्ये त्या जादाच्या दोन बिटांची बचत होते, पण दुसरीकडून तेवढीच भर पडते, तेव्हा दहाच धरावे. माझ्या घरच्या लाइनीवरून आज ते फोटो जायला दीड सेकंदही लागणार नाही, तेही काढून पाहिलं. कशाला काढलं, माहीत नाही. हा कागद तुमच्या मुलीला नेऊन द्यावा असं लिहायला बसताना वाटत होतं. पत्ता आहे, शिवडीहून दादर किती लांब आहे. पण मी स्वतःला आता ओळखून आहे. तो माझ्या टेबलाच्या खालच्या खणात जाईल, तुमच्या पट्टीखाली.

कारण रविवारी तिनं विचारलं तेव्हा दार उघडंच होतं, मास्तर. नुसतं नाही म्हणायचं होतं, आणि तुम्ही कपाटातून बाहेर आला असतात. मी पाणी प्याले, ग्लास खाली ठेवला, आणि हो म्हणाले. दोनच मिनिटं.